गायगर नळी, सिंटिलेटर आणि क्लाऊड चेंबर: वेगळ्या जातीचे डिटेक्टर एकत्र जोडताना

टेबलावर आडवी ठेवलेली एसबीएम-२० ही गायगर नळी (किरणोत्साराचा कण गेला की एक टिक देणारी वायूभरली नळी) मिनिटाला साधारण वीस-पंचवीस टिक देते. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला एक म्युऑन (अंतराळातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे हवेत तयार होणारा कण) जातो, आणि या नळीची आडवी सावली जेमतेम ९ चौरस सेंटिमीटर. म्हणजे नऊएक टिक म्युऑनचे. उरलेले फरशी, विटा, सिमेंट यांच्यातल्या पोटॅशियम, थोरियम, युरेनियमच्या किरणांचे. कुठला टिक कोणाचा, हे एकट्या नळीला सांगता येत नाही.

बोथे आणि कोल्हर्स्टर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये यावर तोड काढली. एकावर एक दोन नळ्या ठेवायच्या आणि दोन्ही एकदम वाजल्या तरच मोजायचं; अशा जुळण्याला कोइन्सिडन्स म्हणतात. पुढच्याच वर्षी ब्रुनो रॉसी यांनी रेडिओतले व्हॉल्व्ह वापरून त्याचं सर्किट केलं. घरी किंवा कॉलेजात डिटेक्टर बांधताना आजही हीच वाट धरायची असते. माझं ठाम मत असं की, दोन सारखे डिटेक्टर जोडण्यापेक्षा दोन वेगळ्या जातीचे जोडावेत. गायगर नळी हळू असते, पण तिला प्रकाश आणि तापमान यांचं फारसं सोयरसुतक नसतं. सिंटिलेटर (कण गेला की प्रकाशाची चमक देणारं प्लास्टिक आणि ती टिपणारा सेन्सर) चपळ, पण उष्णता आणि प्रकाशाची गळती त्याला बिघडवते. दोघांच्या खोड्या वेगळ्या असल्या की एकाच कारणाने दोघंही एकदम फसण्याची शक्यता कमी होते.

नळीचं व्होल्टेज

एसबीएम-२० ला ४०० व्होल्ट लागतात; ३५० ते ४७५ ही तिची मर्यादा. अॅनोडला ५.१ मेगाओहमचा रेझिस्टर, आणि तो नळीच्या टोकाला अगदी चिकटून. रेझिस्टर बोर्डावर आणि तिथून नळीपर्यंत लांब वायर असं केलं, तर वायरची कपॅसिटन्स नळीच्या अंगावर येते, प्रत्येक डिस्चार्ज मोठा होतो आणि नळीचं आयुष्य घटतं. सिग्नल कॅथोडच्या बाजूने, जमिनीकडे जाणाऱ्या १०० किलोओहमवरून घ्यावा आणि ७४एचसी१४ या चिपमधून काढून चौकोनी करावा.

सगळ्यात जास्त नळ्या मरतात त्या मोजण्यातल्या चुकीने. साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. तो अॅनोडवर टेकवला की ५.१ मेगाओहमबरोबर भागाकार होऊन ४०० च्या जागी २६५ च्या आसपास दिसतात. रेझिस्टरच्या अलीकडे टेकवला, तरी छोटा बूस्ट कन्व्हर्टर त्या भाराने दबतो. मीटर कमी दाखवतो म्हणून पोटेन्शिओमीटर फिरवत गेलं की नळी पाचशेच्या वर जाते आणि सतत पेटत राहते. १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून १ गिगाओहमचा प्रोब करा. मीटरच्या १० मेगाओहमशी मिळून तो १०१ ला भागतो, म्हणजे मीटरवर ३.९६ व्होल्ट दिसले की नळीवर ४०० आहेत.

आणि दोन नळ्यांना एकच सप्लाय देऊ नका. एक नळी वाजली की तिचा झटका सप्लायमधून दुसरीच्या सिग्नलवर उमटतो आणि छान दिसणारा, पूर्ण खोटा कोइन्सिडन्स मिळतो. एकच सप्लाय वापरणं भाग असेल, तर प्रत्येक नळीच्या वाटेत १ मेगाओहम आणि १० नॅनोफॅरॅडचा फिल्टर टाका. कपॅसिटर १ किलोव्होल्टचा हवा. तपासणी सोपी आहे: वायरिंग तसंच ठेवून नळ्या दोन मीटर लांब न्या. कोइन्सिडन्स जवळजवळ शून्यावर आले नाहीत, तर ते म्युऑन नव्हतेच.

योगायोगाचा हिशोब

दोन डिटेक्टर निव्वळ योगायोगानेही एकदम वाजतात. त्याचा दर काढायचं सूत्र असं: पहिल्याचा दर × दुसऱ्याचा दर × (दोघांच्या पल्सच्या रुंदीची बेरीज). दोन्ही नळ्यांचा दर सेकंदाला ०.४ धरा. तयार गायगर मॉड्यूलमधून येणारी पल्स १ मिलिसेकंदाची असेल, तर ०.४ × ०.४ × ०.००२, म्हणजे तासाला १.१५ खोट्या नोंदी. नळ्या एकमेकींना लागून असतील तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण खरे म्युऑनच भरपूर येतात. पण दिशा नीट कळावी म्हणून नळ्या २५ सेंटिमीटरवर नेल्या, की खरे म्युऑन तासाला तीन-साडेतीनच उरतात. मग तुमच्या आलेखातला चौथा हिस्सा हा योगायोगच असतो.

पल्स ५० मायक्रोसेकंदांवर आणली की हाच आकडा दिवसाला दीड-एकवर येतो. त्यासाठी ७४एचसी१२३ मोनोस्टेबल (ठरावीक रुंदीची पल्स देणारी चिप) आणि पुढे ७४एचसी०८ चा अँड गेट (दोन्ही पल्स एकदम आल्या तरच सिग्नल देणारा) पुरे. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरॅड लावले की रुंदी ४५ ते १०० मायक्रोसेकंदांत येते. प्रत्येक कंपनीच्या चिपचा गुणक वेगळा असल्याने ऑसिलोस्कोपवर पाहूनच ठरवा. हे काम अर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये करायचा मोह टाळा. अर्डुइनो ऊनोमध्ये micros या वेळ सांगणाऱ्या फंक्शनचं पाऊलच ४ मायक्रोसेकंदांचं, शिवाय बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच. निवाडा गेटला करू द्या आणि प्रोसेसरला फक्त मोजायला सांगा. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घेतला तर तिन्ही ओळी (दोन एकट्या, एक जोडीची) सहज मोजता येतात.

सूत्रावर नुसता विश्वासही ठेवू नये. एका ओळीत आणखी एक मोनोस्टेबल टाकून तिला १ मिलिसेकंद उशीर द्या आणि तशीच मोजणी करा. आता खरा म्युऑन जुळूच शकत नाही, त्यामुळे जे मोजलं जाईल तो निव्वळ योगायोग.

सिंटिलेटर

५ × ५ × १ सेंटिमीटरचा प्लास्टिक सिंटिलेटर आणि ६ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (अगदी मंद प्रकाशही टिपणारा सेन्सर), ही जोडी एमआयटीच्या कॉस्मिकवॉच प्रकल्पामुळे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली. म्युऑन १ सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये सुमारे २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो, त्यातून वीसेक हजार फोटॉन निघतात. सेन्सरपर्यंत त्यातला छोटा वाटाच पोचतो, म्हणून गुंडाळणं महत्त्वाचं. आधी प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे चार-पाच थर, मग अॅल्युमिनियम फॉइल, मग काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे दोन थर. सेन्सर आणि प्लास्टिक यांच्यात ऑप्टिकल जेल. हवेचा बुडबुडा राहिला तर सिग्नल घटतो. प्लास्टिकच्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला उघड्या बोटांनी हात लावू नये आणि अल्कोहोल किंवा थिनरने तर पुसूच नये. त्यावर बारीक तडे जातात. गळती तपासायला अंधाऱ्या खोलीत दर घ्या, मग टॉर्च कडेकडेने फिरवा. दर हलला तिथे टेप कमी पडली आहे.

या सेन्सरचं ब्रेकडाऊन व्होल्टेज (ज्याच्या वर गेल्यावरच तो काम करतो) २४.५ च्या आसपास, आणि ते दर अंशाला सुमारे २१.५ मिलिव्होल्टने वाढतं. नागपूरला जानेवारीतल्या १० अंशांपासून मेमधल्या ४५ अंशांपर्यंत गेलात, की पाऊण व्होल्टचा फरक पडतो. बायस (सेन्सरला दिलेलं व्होल्टेज) २९.५ वर पक्का ठेवला असेल तर ब्रेकडाऊनच्या वरचे ५ व्होल्ट सव्वाचारवर येतात, गेन (सिग्नल मोठा करण्याची पट) तेवढ्या प्रमाणात उतरतो, आणि वर उष्णतेने सेन्सरचा स्वतःचा नॉइज (खोट्या पल्स) कित्येक पटींनी चढतो. तापमानाचा सेन्सर पेटीच्या आत, फोटोमल्टिप्लायरजवळ लावा.

सिंटिलेटर आणि नळी जोडताना आणखी एक अडचण येते. सिंटिलेटर नॅनोसेकंदांत बोलतो, तर नळीचा सिग्नल काही मायक्रोसेकंद मागेपुढे येतो. सिंटिलेटरची पल्स जशीच्या तशी गेटला दिली, तर नळी जागी होईपर्यंत ती संपलेली असते आणि कोइन्सिडन्स अगदीच थोडे दिसतात. त्यामुळे सिंटिलेटरची पल्सही २० मायक्रोसेकंदांपर्यंत ताणा. दोन सिंटिलेटरच जुळवायचे असतील तेव्हा मात्र १ मायक्रोसेकंदाच्या आत राहता येतं.

जोडी जमली की पहिला उपयोग कार्यक्षमता मोजण्याचा. वर आणि खाली सिंटिलेटर, मध्ये नळी. वरचा-खालचा जुळला तेव्हा नळी किती वेळा वाजली, ते पाहा. सिंटिलेटर नळीपेक्षा रुंद असेल तर बाजूने निसटणारे म्युऑनही हिशोबात येतात आणि नळी उगाच आळशी ठरते. म्हणून नळ्या खेटून पाच-सहा लावा, किंवा सिंटिलेटरची अरुंद पट्टी वापरा.

क्लाऊड चेंबर जोडताना भूमिती पाहा

ब्लॅकेट आणि ओक्किआलिनी यांनी १९३२ मध्ये क्लाऊड चेंबरच्या (कणाचा माग थेंबांच्या रेघेने दाखवणाऱ्या पेटीच्या) वर-खाली काउंटर लावले आणि कणानेच स्वतःचा फोटो काढवून घेतला. ती प्रसरण पावणारी, म्हणजे आतली हवा एकदम फुगवून क्षणभरच माग दाखवणारी चेंबर होती. आपण ड्राय आइसवर करतो ती डिफ्यूजन चेंबर, म्हणजे वरून खाली थंड पाटीकडे वाफ सतत झिरपत राहणारी, आणि तिच्यात ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही.

काचेची मासे ठेवण्याची छोटी टाकी उलटी करून, वर फेल्टला ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल (सॅनिटायझरचं ७० टक्के नको, त्यातलं पाणी घात करतं), खाली काळा रंग दिलेली ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पाटी, आणि तिच्याखाली ड्राय आइसची सपाट लादी. दहा-पंधरा मिनिटांत माग दिसू लागतात. नाही दिसले तर आधी कडेची फट शोधा. इथे संवेदनशील थर पाटीच्या वर एक-दोन सेंटिमीटरच असतो. सरळ वरून येणारा म्युऑन त्यातून टिंबासारखा निघून जातो. लांबलचक रेघ देतात ते तिरपे म्युऑन, आणि तिरपे कमी असतात: दर कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतो, ४५ अंशांना निम्मा, ६० अंशांना पाव.

म्हणून काउंटर वर-खाली न ठेवता, एक डाव्या काचेबाहेर उंचावर आणि दुसरा उजव्या काचेबाहेर पाटीच्या पातळीच्या थोडा खाली ठेवा, आणि दोघांना जोडणारी रेघ त्या संवेदनशील थरामधून जाऊ द्या. ५० अंशांच्या आसपास दर आणि रेघेची लांबी यांचा चांगला मेळ बसतो. इथे मी सिंटिलेटरच घेईन. नळ्यांची सावली एवढ्या अंतरावर फारच अपुरी पडते. पण पेटी थंड काचेपासून दोन बोटं लांब ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर सर्किटवर दव साचतं.

म्युऑन गेल्यावर थेंब दिसण्याइतके वाढायला क्षणभर लागतो. कॅमेऱ्याला कोइन्सिडन्सने चालू करण्यापेक्षा तो सतत चालू ठेवा आणि मेमरीतले शेवटचे काही सेकंद फिरते राहू द्या. जुळलं की आधीचा १ आणि नंतरचे २ सेकंद जतन करा. चौकटीच्या कोपऱ्यात मंद लाल एलईडी लावून तो गेटनेच पेटवला की नेमकी वेळ चित्रातच नोंदली जाते. लाल पेटल्यावर अर्ध्या सेकंदात अपेक्षित तिरप्या दिशेने उमटलेली बारीक सरळ रेघ हा तुमचा म्युऑन. जाड, आखूड माग रेडॉनच्या अल्फा कणांचे. नागमोडी ते कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन.

नळ्यांचं उच्च व्होल्टेज अल्कोहोलच्या वाफेपासून लांब ठेवा, ठिणगीने आग लागते. ड्राय आइस बंद डब्यात भरू नका, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

शिसं आणि तिसरा काउंटर

तीन सिंटिलेटर त्रिकोणात असे मांडा की एक सरळ रेघ तिन्हींतून जाणार नाही. वर शिशाचे पत्रे एकेक करून वाढवत जा. तिहेरी कोइन्सिडन्स आधी वाढतात, दीड-दोन सेंटिमीटरला शिखर गाठतात आणि मग उतरतात. हा रॉसी वक्र. शिशात कणांची साखळी फुटत जाते म्हणून असं होतं. त्या साखळीचा हिशोब होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला. शिसं हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा.

मोठ्या प्रयोगांतही हाच विचार आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीतल्या ग्रेप्स-३ मध्ये सुमारे ४०० सिंटिलेटर कॉस्मिक किरणांनी हवेत होणाऱ्या कणांच्या वर्षावातले कण मोजतात, आणि काँक्रीटखाली गाडलेल्या ५६० चौरस मीटरच्या प्रपोर्शनल काउंटरपर्यंत (वायूभरल्या नळ्यांपर्यंत) फक्त जोरकस म्युऑन पोचतात. अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेने आपल्या १२ टन पाण्याच्या टाक्यांवर नंतर सिंटिलेटर बसवले, कारण पाणी म्युऑनला जास्त उत्तर देतं आणि पातळ सिंटिलेटर इलेक्ट्रॉननाही तेवढंच. दोन आकड्यांतल्या फरकातून म्युऑनची संख्या वेगळी काढता येते.

फाइलमध्ये दर मिनिटाला एक ओळ लिहा: वेळ, प्रत्येक डिटेक्टरची एकट्याची मोजणी, जोड्यांची मोजणी, उशीर दिलेल्या ओळीची मोजणी, पेटीतलं तापमान, आणि बीएमपी२८० या सेन्सरवरून हवेचा दाब. दाब १ हेक्टोपास्कल वाढला की म्युऑन ०.१ ते ०.२ टक्के घटतात. १ टक्क्याचा बदल नुसता ओळखायलाही किमान १०,००० नोंदी लागतात, त्यामुळे या कामासाठी सिंटिलेटर एकमेकांना जवळ ठेवून दर वाढवा आणि आलेख दिवसागणिक सरासरीवर काढा.