डेमासोनी म्हणून आणलेली सहा पिल्लं

"मॅडम, सगळे डेमासोनी," म्हणत दुकानदाराने पिशवी हातात दिली. डेमासोनी म्हणजे टाकीत पाळायच्या माशांची एक जात. दीड-दीड इंचाची सहा निळी पिल्लं, अंगावर काळे पट्टे. डोंबिवली लोकलमध्ये पिशवी मांडीवर सांभाळत घरी आणली.

काही आठवड्यांनी एकाच्या अंगावर पिवळट झाक आली. नवरा म्हणाला, कावीळ असेल. (दर रविवारी पाणी बदलायला तोच बादल्या उचलतो, म्हणून ऐकून घेते.) कावीळ कसली, तो केन्यी नावाच्या दुसऱ्याच जातीचा मासा निघाला! दोघंही आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले, पण केन्यीची पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मात्र वयात आला की पिवळा. डेमासोनीत नर-मादी दोघंही निळे-काळेच राहतात.

मग टाकीचा दिवा लावून काचेला नाक टेकवून बसले. पट्टे मोजत बसू नका, पट्ट्यांमधली जागा बघा. डेमासोनीत ती गर्द निळी, पट्टे जवळजवळ काळेकुट्ट. केन्यीचा निळा फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. आणि नुकत्या आणलेल्या, घाबरलेल्या पिल्लावरून काहीच ठरवू नका. भीतीने रंग पार उतरतो.

हिशेब लागला: चार केन्यी, दोन डेमासोनी. केन्यी मोठा होतो आणि महाभांडकुदळ, त्यामुळे आता दुसरी टाकी. सासूबाई गोव्याच्या. तिकडे खातात तो कालुंदर मासाही या दोघांच्याच सिक्लिड नावाच्या कुळातला, हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग हे कधी तळायचे?"