रॅम्बलरच्या बिल्ल्यावर पोप कसा आला?

सायकलच्या हँडलखाली, पुढच्या जाड नळ्यावर पितळेचा बिल्ला असतो. जुन्या अमेरिकन सायकलची ओळख पटवायची तर पहिली नजर तिथेच जाते. त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या सायकलच्या बिल्ल्यावर दोन नावं होती. मधोमध मोठ्या अक्षरांत ‘रॅम्बलर’ आणि खाली काठालगत बारीक अक्षरांत ‘पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. ही दोन नावं एकाच पितळेवर नांदताना पाहून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

मी विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करते. येणारी वस्तू कुणी बनवली, कुठे, केव्हा, आणि ती आमच्यापर्यंत कोणाच्या हातांतून आली, हे शोधून लिहायचं. सायकल देणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या घरातली हकिगत अशी, की त्यांच्या पणजोबांनी शिकागोच्या गॉर्मली अँड जेफरी कारखान्यात १८९२ साली ही सायकल स्वतःच्या हातांनी तयार केली. प्रदर्शनाच्या पाटीचा मजकूर तसाच लिहून तयार होता, मला फक्त खात्री करून सही करायची होती.

‘रॅम्बलर’ हे गॉर्मली अँड जेफरीचंच नाव, त्यात शंका नाही. अडचण पोपची होती. अमेरिकेच्या सायकलधंद्यात एकमेकांशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलेली दोन घराणी कुठली, तर हीच.

अल्बर्ट पोप हा यादवी युद्धात लढलेला बोस्टनचा माणूस. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्याने मोठ्या चाकाच्या इंग्लिश सायकली पाहिल्या आणि १८७८मध्ये ‘कोलंबिया’ नावाने स्वतःच्या सायकली बनवून घ्यायला सुरुवात केली. बनवून घ्यायला, कारण त्याचा स्वतःचा कारखाना नव्हता. हार्टफर्डच्या वीड शिलाई मशीन कंपनीला त्याने काम दिलं. शिलाई मशीनचे सुटे भाग काटेकोर मापात कापणारी यंत्रं आणि माणसं तिथे तयारच होती. पुढे १८९०मध्ये ती कंपनीच त्याने विकत घेतली.

पण पोपची खरी ताकद यंत्रांत नव्हती, पेटंटांत होती. पिएर लालमाँ या फ्रेंच कारागिराला १८६६मध्ये पायडलच्या सायकलचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. ते पोपने मिळवलं आणि त्याच्या जोडीला दिसेल ते पेटंट विकत घेत गेला. अमेरिकेत सायकल बनवायची तर पोपला दर सायकलमागे रॉयल्टी द्यायची, अशी स्थिती त्याने आणली. (लालमाँ स्वतः पुढे पोपकडेच नोकरीला होता. १८९१मध्ये बोस्टनला तो वारला तेव्हा त्याची दखल कुणी घेतली नाही. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.)

शिकागोच्या आर. फिलिप गॉर्मलीनेही १८८४मध्ये पोपशी करार केला. पोपची पेटंटं खरी की खोटी, हा प्रश्न आपण कधीही काढणार नाही, असं त्या करारात त्याच्याकडून लिहून घेतलेलं होतं. मुदत संपली तरी तोंड बंदच. गॉर्मली आणि त्याचा भागीदार थॉमस जेफरी यांनी ते जुमानलं नाही. पोप कोर्टात गेला आणि १८९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत पाठवलं. इतका जाचक करार पाळायला लावण्यासाठी न्यायालय आपला हात देणार नाही, असा त्या निकालाचा आशय. कंत्राटाच्या कायद्यात हा निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो.

आणि घरच्यांच्या सांगण्यानुसार ही सायकल नेमकी त्याच वर्षी, त्याच कारखान्यात बनलेली. त्या साली जेफरीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सायकलवर पोपचं नाव? शक्यच नाही.

मग आधी बिल्ल्यावर संशय घेतला. बिल्ले बदलता येतात. विकणारे लोक साध्या सायकलवर नामवंत बिल्ला ठोकून किंमत वाढवतात, हे आमच्या कामात वरचेवर दिसतं. दुसरा बिल्ला बसवला असेल तर जुन्या रिव्हेटची भोकं सहसा नव्याशी जुळत नाहीत, आणि बिल्ल्याच्या कडेला रंगाची दुसरी रेघ उमटलेली असते. भिंगातून पाहिलं, आतून उजेड टाकून पाहिलं. भोकं दोनच होती, रंगाची कड एकच. बिल्ला पहिल्यापासून त्याच नळ्यावर होता.

मागच्या चाकाला कोस्टर ब्रेक होता, म्हणजे पायडल उलटं दाबलं की लागणारा. तो १८९८च्या सुमारास बाजारात आला. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण चाकं लोक सर्रास बदलत. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळलं.

उत्तर १८९९मध्ये होतं. नव्वदच्या दशकात सायकलचं वेड इतकं वाढलं, की देशात तीनशेवर कारखाने झाले. मग बाजार भरला आणि भाव कोसळले. पूर्वी शंभर डॉलरला विकली जाणारी कोलंबिया घसरत गेली. तेव्हा ए. जी. स्पाल्डिंग, म्हणजे बेसबॉलच्या सामानाचा तोच प्रसिद्ध व्यापारी, याच्या पुढाकाराने चाळीसहून अधिक कारखाने एकत्र करून अमेरिकन बायसिकल कंपनी उभी राहिली. लोक तिला सरळ ‘ट्रस्ट’ म्हणत. पोपची कंपनी तिच्यात गेली. गॉर्मली अँड जेफरीही गेली. कालचे वादी-प्रतिवादी एकाच खातेवहीत आले.

ट्रस्टने कितीतरी कारखाने बंद केले, पण नावं मारली नाहीत, कारण गिऱ्हाईक नावावर जातं. १९०२मध्ये ट्रस्ट कर्जात बुडून रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या, हाती गेला आणि १९०३मध्ये त्यातून जे वर आलं त्याचं नाव पुन्हा ‘पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. त्या काळातल्या मासिकांत तिच्या जाहिराती आहेत. पूर्व विभाग हार्टफर्डला : कोलंबिया, क्लीव्हलँड, ट्रिब्यून, क्रॉफर्ड. पश्चिम विभाग शिकागोला : रॅम्बलर, क्रेसेंट, मोनार्क, इम्पीरियल. आठही नावं मुळात निरनिराळ्या कारखान्यांची. ट्रिब्यून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची, क्रेसेंट शिकागोच्या वेस्टर्न व्हील वर्क्सची. आता सगळ्यांचा मालक एकच.

आपल्याकडे ज्यांच्या घरी आजोबांची हंबर किंवा रज सायकल होती, त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्या दोन्ही नावांची मालकी पुढे नॉटिंगहॅमच्या रॅलेकडे गेली होती. आजोबा मात्र शेवटपर्यंत ‘माझी हंबर’च म्हणत.

म्हणजे आमची सायकल १९०३ किंवा त्यानंतरची. पाटीवरचं १८९२ खोडावं लागणार होतं आणि पणजोबांची गोष्टही. मला ते जिवावर आलं. साल चुकलं म्हणून माणूसच पुसून टाकायचा हे बरोबर नाही, म्हणून मी शहरांच्या डिरेक्टऱ्या काढल्या. त्या काळी मोठ्या शहरांची दरवर्षी जाडजूड डिरेक्टरी निघे : नाव, धंदा, राहायचं ठिकाण. शिकागोच्या १८९०च्या दशकातल्या डिरेक्टरीत पणजोबा सापडले. धंदा ‘फायलर’. घर गॉर्मली अँड जेफरीच्या नॉर्थ फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फायलर म्हणजे कानसकाम करणारा. फ्रेमचे नळे वितळलेल्या पितळेने जोडले (ब्रेझ केले) की सांध्यावर जादा धातू साचतो, तो कानशीने घासून सांधा असा गुळगुळीत करायचा की जोड दिसताच कामा नये. सायकलच्या कारखान्यातलं सगळ्यात धुळीचं आणि हाताचं काम हेच.

पुढे हे पणजोबा शिकागोतून नाहीसे होतात आणि आमच्या विस्कॉन्सिनमधल्या केनोशा शहराच्या डिरेक्टरीत उगवतात. धंदा ‘मशिनिस्ट’, मालक थॉमस बी. जेफरी कंपनी.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. ट्रस्टला कारखाना विकल्यावर जेफरीने १९००मध्ये केनोशातला बंद पडलेला स्टर्लिंग सायकलचा कारखाना घेतला आणि तिथे मोटारी बनवायला घेतल्या. १९०२मध्ये त्याने पंधराशे मोटारी बाजारात आणल्या, आणि मोटारीला नाव दिलं ‘रॅम्बलर’. सायकलवरचं रॅम्बलर ट्रस्टबरोबर पोपकडे गेलं होतं, मोटारीवरचं जेफरीकडे राहिलं. आमचे पणजोबा जेफरीच्या मागोमाग केनोशाला गेले, मोटारीच्या कारखान्यात लागले, आणि त्यांच्या घरात जी सायकल होती ती आपल्या जुन्या कारखान्याच्या नावाची पण जुन्या शत्रूच्या मालकीची.

कंपनीचा इतिहास लिहिताना आपण ‘अमक्याने तमकी कंपनी घेतली’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतो. पण विक्रीच्या दिवशी सगळं एकाच गाडीत बसून जात नाही. नाव एकीकडे जातं, यंत्रं दुसरीकडे, पेटंटं तिसरीकडे, आणि कारागीर ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्या मागे जातात. गॉर्मली अँड जेफरीचे टायर तर आणखी वेगळ्या वाटेने इंडियानापोलिसला गेले. म्हणून आमच्या नोंदीत ‘निर्माता’ असा एकच रकाना असणं मला पूर्वीपासून खटकतं.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. साल चुकीचं आहे हे आधी सांगितलं, मग पणजोबांचा धंदा आणि केनोशाची नोंद. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझे वडील केनोशात अमेरिकन मोटर्समध्ये होते. तेही रॅम्बलरच बनवायचे. दोन्ही रॅम्बलर घरात एकच झाल्या असणार.”

तसंच झालं होतं. जेफरीची मोटार कंपनी १९१६मध्ये चार्ल्स नॅशने घेतली, १९५०मध्ये नॅश कंपनीने मोटारीसाठी रॅम्बलर नाव पुन्हा काढलं, ते १९५४पासून अमेरिकन मोटर्स या मोटार कंपनीकडे गेलं. कारखाना केनोशातच.

“पण सायकल पणजोबांनी बनवलेली नाही, असं लिहिणार का तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“पणजोबा कोण होते ते लिहिणार आहे,” मी म्हटलं.

पाटी मी नव्याने लिहिली. वरती सायकल : रॅम्बलर, पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १९०३ किंवा नंतर. त्याखाली स्वतंत्र परिच्छेदात पणजोबांचं नाव, शिकागोतलं फायलरचं काम, केनोशाचा मशिनिस्ट. निर्मात्याचा रकाना मी चार ओळींचा केला : नाव मूळ कोणाचं, मालकी कोणाची, विक्री कुठून, आणि घरात कोणाच्या. संचालकांना ती पाटी लांब वाटली. मी एकही ओळ कमी केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातल्या क्रेसेंटची नोंद त्याच पद्धतीने पुन्हा लिहायला घेतली.