हेवीवेट नोंदवही: ठोशाआधीचे पाय

बॉक्सिंगच्या लढती व्हिडिओवर बघून मी वहीत स्वतःचे गुण लिहितो; या टप्प्यात फक्त हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या, लढती घेतल्या. त्यातही एका कॉर्नरमध्ये एका ठोशात माणूस झोपवणारा आणि दुसऱ्या कॉर्नरमध्ये तंत्राचा पक्का, अशाच. पद्धत नेहमीचीच: आवाज बंद, समालोचन नको, फेरी संपली की व्हिडिओ थांबवून गुण लिहायचे. वहीत एक रकाना मात्र वाढवला आहे. मोठा ठोसा लागला की मागे जायचं आणि तो निघण्याआधी मारणाऱ्याचे पाय कुठे होते ते टिपायचं. या रकान्यामुळे जुन्या लढतीही वेगळ्या दिसायला लागल्या आहेत.

सुरुवात डिऑन्टे वाइल्डर आणि टायसन फ्युरी यांच्या पहिल्या लढतीपासून. १ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. वाइल्डर ४० लढती जिंकून आलेला, त्यातल्या ३९ नॉकआउटने. वजन २१२ पौंडांच्या जरासं वर, म्हणजे हेवीवेटच्या मानाने हलकाच. समोर फ्युरी, २५६ पौंडांचा. तरी रिंगमध्ये भीती होती ती हलक्या माणसाच्या उजव्या हाताची.

माझं कार्ड ११४-११२ फ्युरी. एका पंचाचंही तेच होतं, दुसऱ्याने ११३-११३ दिले, तिसऱ्याने ११५-१११ वाइल्डरला, आणि लढत अनिर्णित सुटली. या आकड्यांवर थोडं थांबू. फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला, म्हणून त्या दोन्ही वाइल्डरला १०-८ (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, तो खाली गेला असेल तर ८). उरलेल्या दहांपैकी आठ फेऱ्या मी फ्युरीला दिल्या, तरी शेवटी फरक दोनच गुणांचा. त्याच दोन फेऱ्या फ्युरीने साध्या १०-९ ने घेतल्या असत्या तर कार्ड ११८-११० झालं असतं. दोन फटक्यांनी सहा गुण फिरवले. नॉकआउट न होताही ताकद गुणपत्रिकेत एवढी जागा खाते. ‘ताकदवाल्याकडे फक्त नॉकआउटचाच रस्ता असतो’ हे वाक्य मला आता पटत नाही.

पायांचा रकाना बघितला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. वाइल्डरचा उजवा लांबून, मोठ्या वळणाने येतो. त्याला समोर मोकळं अंतर लागतं आणि मागच्या पायावर रेटा घ्यायला क्षणभर लागतो. पहिल्या लढतीत फ्युरी मागे सरकत, डोकं हलवत, सुंदर बॉक्सिंग करत होता. वाइल्डरचे बहुतेक ठोसे हवेत गेले. पण मागे सरकणारा माणूस आपणहून अंतर देत असतो, आणि ते अंतर वाइल्डरला बारा फेऱ्या मिळत राहिलं. बाराव्या फेरीत उजवा लागला, पडता पडता डावा हुकही (बाजूने वळून येणारा ठोसा) लागला. फ्युरी पाठीवर आडवा झाला, आणि तरी उठला. तो कसा उठला याचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसरी लढत २२ फेब्रुवारी २०२०, लास वेगास. फ्युरीने प्रशिक्षक बदलून शुगरहिल स्टुअर्ड यांना घेतलं होतं. ते डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमच्या परंपरेतले, म्हणजे लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), त्यामागून सरळ उजवा आणि पुढे चाल. फ्युरी २७३ पौंडांचा होऊन आला आणि पहिल्या घंटेपासून अंगावर चालून गेला. इथे माझा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. वाइल्डर सतत मागे जात होता, वजन टाचांवर, मागचा पाय रोवायला उसंतच नाही. उजवा हात तोच होता, फक्त त्याच्याखालची जमीन काढून घेतली होती. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीत वाइल्डर खाली गेला, सातव्या फेरीत त्याच्या कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे हार मानली. माझ्या मते फ्युरीच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात हुशार काम. लोक त्याला ‘फ्युरीने दांडगाई केली’ म्हणतात. माझ्या वहीत ते शुद्ध तंत्र म्हणूनच नोंदलं आहे.

आता उलट बाजू. लुइस ऑर्टिझविरुद्धची वाइल्डरची दुसरी लढत, नोव्हेंबर २०१९. ऑर्टिझ क्यूबाच्या मुशीतला साउथपॉ (डावखुऱ्या पवित्र्याचा), अंतराचा आणि वेळेचा जाणकार. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कार्डावर तोच पुढे. सातव्या फेरीच्या शेवटी एक उजवा, आणि लढत संपली. पूर्वी मी वहीत याच्यापुढे ‘नशीब’ लिहिलं असतं. पण त्या सहा फेऱ्यांत वाइल्डर फार थोडं मारतो आणि फार बारकाईने बघतो. अर्ध्या वेगाने पाहा: तो डाव्या हाताने अंतर मोजत राहतो आणि ऑर्टिझच्या पुढच्या पायाच्या जवळ जवळ येत राहतो. हे संयमाचं कौशल्य आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण त्याला गुण देत नाही.

हेच जॉर्ज फोरमनचं. ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास, समोर मायकल मूरर. फोरमन पंचेचाळीस वर्षांचा, अंगात १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीशी हरताना घातलेलीच लाल पॅंट. नऊ फेऱ्या तो तिन्ही कार्डांवर मागे होता. दहाव्या फेरीत डावा, त्यामागून आखूड, सरळ उजवा. हात फार थोडा हलला, पण मागचा पाय कमरेसकट वळला होता. कुस्तीच्या आखाड्यात जुना मल्ल जसा जागेवर उभा राहून एका वळणावर समोरच्याला घेतो, तसं ते दिसतं.

फोरमनचा तो आखूड उजवा सध्या जड बॅगेवर करून बघतोय. फरक ऐकू येतो. खांद्याने ढकललेला ठोसा बॅगेला नुसता झोका देतो. टाच वळवून मारला तर बॅग जागच्या जागी दुमडते आणि आवाज कोरडा येतो. दमलो की सगळ्यात आधी टाच वळायची थांबते, हात नंतर जातो. म्हणून आता बॅगेची शेवटची फेरी फक्त पायांकडे बघत मारतो.

ज्यो लुइस आणि बिली कॉन, १८ जून १९४१, न्यूयॉर्क. कॉन पंचवीसेक पौंडांनी हलका, बारा फेऱ्यांनंतर दोन कार्डांवर पुढे आणि तिसऱ्यावर बरोबरीत. तेराव्या फेरीत तो स्वतःच नॉकआउटच्या मागे लागला आणि दोन सेकंद उरले असताना बाद झाला. सगळे कॉनच्या धाडसावर बोलतात. मला लुइसचे पाय बघावेसे वाटतात: छोटी, सरपटती पावलं, कधीही एकमेकांवर न येणारी. त्याचा प्रत्येक ठोसा मारायला तयार उभ्या असलेल्या माणसाचा असतो.

आणि ओलेक्सांडर उसिक, फ्युरीविरुद्ध, १८ मे २०२४, रियाध. सगळे उसिकला तंत्राचा माणूस म्हणतात, आणि तो आहेच. पण निकाल कशाने लागला? नवव्या फेरीत त्याच्या डाव्याने फ्युरी हलला, दोरांवर आदळत राहिला, रिंगमधल्या पंचाने तो उभा असतानाच खाली गेल्यासारखी मोजणी केली, म्हणजे १०-८. कार्डं ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. ती मोजणी नसती आणि ती फेरी साधी १०-९ गेली असती, तर मधलं कार्ड ११४-११४ झालं असतं आणि लढत अनिर्णित. तंत्राच्या माणसाने अजिंक्यपद जिंकलं ते एका मोठ्या फटक्याच्या गुणावर. त्याआधीच्या फेऱ्यांत जॅब आणि कोन बदलणाऱ्या पावलांनी त्याने फ्युरीला तिथवर आणलं होतं.

पुढच्या टप्प्यासाठी लॅरी होम्स आणि अर्नी शेव्हर्स यांची १९७९ ची लढत काढून ठेवली आहे. होम्सचा जॅब या वजनातल्या सर्वोत्तमांपैकी एक. सातव्या फेरीत शेव्हर्सच्या उजव्याने तो कोसळला, उठला, आणि अकराव्यात त्यानेच लढत संपवली. तिच्यासाठी वहीत अजून एक रकाना आखला आहे: ठोसा खाणाऱ्याचे पाय, पडण्याआधी आणि उठल्यावर.