रोप अजून वाळला नाही

१८ जून, सीबीडी बेलापूर

सकाळपासून रोप, म्हणजे कडे चढायचा दोर, धुते आहे. मोठ्या टबात कोमट पाणी, साबणाचा थेंबही नाही, आणि साठ मीटरचा रोप हातभर हातभर पुढे सरकवत चोळायचा. पिळायचा नाही. पहिलं पाणी काढ्यासारखं तांबडं निघालं. दुसरं फिकं. तिसऱ्या वेळी वाटलं, झालं आता. टब कलता केला तर तळाशी पुन्हा बारीक लाल वाळूची रेघ.

जॉर्डनच्या वाळवंटातल्या वादी रमहून येऊन सात महिने झाले. मध्ये हाच रोप दोनदा मुंब्र्याच्या कड्यांवर लावला, तेव्हा वरवर धुतलाही होता. पण रोपाचं बाहेरचं विणलेलं आवरण वेगळं आणि भार पेलणारा आतला गाभा वेगळा. वाळूचा कण आवरणातून आत शिरला की रोपावर वजन येईल तेव्हा तेव्हा तो गाभ्याचे धागे घासत बसतो. बाहेरून रोप चांगला दिसतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. म्हणून यंदा नीट धुवायचं ठरवलं होतं.

पाऊस कालपासून लागलाय. पारसिकचा डोंगर खिडकीतून दिसतच नाही. आता ऑक्टोबरपर्यंत कातळाला हात लावायचा नाही.

दिवाळीनंतर मी आणि दादा जॉर्डनला गेलो होतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. मुंब्र्याला पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे रोप अडकवायचा कमरेचा पट्टा, त्यानेच मला बांधून दिला. पाच दिवस हातात होते आणि मनात एकच नाव, जबल रम. वाळूतून एकदम उभे राहिलेले तांबडे कडे, १७०० मीटरच्या वर गेलेला माथा, आणि त्यावर बेदुईन शिकाऱ्यांच्या जुन्या वाटा. रानबकऱ्यांच्या मागे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे कडे चढत आली. १९८४ साली टोनी हॉवर्ड हा इंग्रज गिर्यारोहक मित्रांना घेऊन तिथे पोचला आणि मग बाहेरचे आरोहक येऊ लागले, पण वाट ठाऊक असणारे बेदुईनच. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला गावातला मामा चपला घालून पुढे चालतो आणि आपण भारी बूट घालून त्याच्या मागे, अगदी तसंच.

पोचलो त्याच रात्री पाऊस पडला. अर्धा-पाऊण तासच. तंबूत पडल्या पडल्या मी हिशेब केला की उन्हं आली की तासाभरात वाळेल. मुंब्र्याला असंच होतं. आपला काळा कातळ गच्च; वळवाची सर येते, पाणी निथळतं आणि चांगलं ऊन पडलं तर दुपारी पुन्हा चढता येतं. वीस वर्षांची सवय ही.

सकाळी आभाळ स्वच्छ. कडा कोरडा ठणठणीत दिसत होता. मी हार्नेस चढवून तयार. आमचा वाटाड्या, साठीचा असेल, शांतपणे चहा ओतत बसला होता. त्याने एकदा कड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बुकरा." उद्या.

मी चिडले. इतक्या लांबून आलो, कडा समोर वाळलेला दिसतोय, आणि हा चहा पितोय. दादा काही बोलला नाही. मग तो माणूस उठला, पायथ्याचा मुठीएवढा दगड उचलून आणला आणि माझ्या हातात ठेवला. वरून काळपट, गुळगुळीत. नखाने ओरखडाही उठेना. त्याने तो परत घेऊन खडकावर आपटला. आतला भाग ढेपेतल्या गुळासारखा, गडद आणि ओलसर. त्यावर त्याने अंगठा फिरवला आणि कण सुटत गेले. दाबही दिला नव्हता फारसा. माझ्या तळहातावर चमचाभर वाळू आणि वरची ती कडक साल एवढंच उरलं.

याच सालीवर मी बोटं रोवणार होते. याच खडकाच्या भेगेत कॅम, म्हणजे आत रुतणारं धातूचं साधन, बसवून त्यावर स्वतःचं आणि दादाचं वजन सोपवणार होते.

वालुकाश्म पाणी पितो, आणि प्यायला की कणाकणातली पकड सैल होते, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि तळहातावर पडलेलं यात फार अंतर आहे. २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा, म्हणजे बुटक्या कृत्रिम भिंतींवर रोपाविना चढण्याचा, विश्वचषक आपल्या नवी मुंबईत झाला, तेव्हा आम्ही दोघं भारावून गेलो होतो. त्या भिंतींवर होल्ड, म्हणजे हातापायाने धरायचा उंचवटा, स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, त्याच्याबद्दल शंका घ्यावी लागत नाही. मला वाटतं, त्या भरवशाची सवय बोटांना फार लवकर लागते.

त्या दिवशी चढलो नाही. वाटाड्या आम्हाला गावावरच्या उतारावर ऐन शलाले नावाच्या झऱ्यावर घेऊन गेला. वाळवंटात, उतारावर इतक्या वर पाणी कसं, हे मला तिथे उभं राहून समजलं. वर वालुकाश्म, खाली ग्रॅनाइट. पावसाचं पाणी वरच्या खडकातून झिरपत खाली येतं, ग्रॅनाइट त्याला पुढे जाऊ देत नाही, मग दोघांच्या सांध्यावर ते बाहेर पडतं. झऱ्याजवळ पुदिना वाढलेला. पेट्रा घडवणाऱ्या नबाती लोकांनी हे पाणी खाली न्यायला खडकात पन्हळी कोरल्या होत्या, त्यांचे लेखही तिथेच. आपण गडावर टाकी खोदून पाणी साठवलं. इथे डोंगरच टाकं. मला चढू न देणारी ओल हीच. पाणी प्यायले तेव्हा राग बराच उतरला होता.

रात्री झर्ब होतं. वाळूत खड्डा, खाली निखारे, त्यात मांस आणि भाज्यांची जाळी उतरवायची आणि वरून झाकून वाळू लोटायची. दादा म्हणाला, "ही तर यांची पोपटी." भांबुर्डीचा पाला तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशीही "बुकरा". खझालीच्या घळीतली कोरलेली चित्रं पाहिली. या सगळ्या भागात मिळून अशी २५,००० चित्रं आणि २०,००० लेख आहेत. चौथ्या दिवशी त्याने बुरदाच्या दगडी पुलाकडे नेलं. पुलाच्या थोडं आधी एक छोटा उभा टप्पा आहे, तिथे रोप लावला. मी प्रत्येक होल्ड आधी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिला. भरीव आवाज आला तर धरायचा, पोकळ आला तर सोडायचा. दहा मिनिटांच्या टप्प्याला अर्धा तास लागला आणि खालून कुणी घाई केली नाही.

जबल रम राहिलाच. उत्तरेच्या घळींत ऊन पोचत नाही, वाटाड्या म्हणाला. परत निघताना मी त्याचे आभार मानले, पण चिडले होते त्याची माफी मागायची राहून गेली. ते मला आजही लागतं.

चौथं पाणी नितळ निघालं.

२१ जून

रोप बाल्कनीतल्या दोऱ्यांवर सैल वेटाळून पसरलाय. पाऊस थांबलेला नाही. पंखा तीन दिवस त्याच्याकडेच तोंड करून आहे. दादाचा फोन आला होता, मार्चमध्ये पुन्हा जायचं का विचारत होता. मी म्हटलं, आठ दिवस मिळणार असतील तर. पाचात नको.

दुपारी आई ओले टॉवेल घेऊन आली. रोपाला हात लावून म्हणाली, "वाळलाय की गं, काढ आता."

मी एक वेटोळं घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट दुमडलं आणि बाक आला तिथे गाल टेकवला. आतून गार लागलं.

"उद्या," मी म्हटलं.

आईने टॉवेल हॉलमधल्या खुर्च्यांवर पसरले.