दिंडोरीचं टेकाड ते गोदाकाठ : मातीचे थर पाहताना

नाशिकजवळच्या दिंडोरीकडची जमीन गाडीतून सपाट दिसते. पायी चाललं की तिचे चढउतार कळतात. माती पाहायची तर हे चढउतार धरूनच चालावं. जानेवारीत आम्ही तसंच केलं: आधी टेकाड, मग उतार, नाल्याकाठ आणि दुपारी गंगापूरजवळचा गोदाकाठ.

टेकाडावर रस्त्यासाठी कापलेली कड मिळाली. वर वीतभर तांबूस, भरभरीत माती, खाली पिवळट मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. पावसाचं पाणी बारीक कण खाली नेतं, भरड वरच राहतं. म्हणून माथा हलका. नाल्याकाठच्या विहिरीत मात्र चांगली खोल काळी माती, मध्ये चुनखडीचे खडे, मुरूम थेट तळाला. दहा मिनिटांच्या चालीत एवढा फरक! म्हणूनच एका मळ्यात वरच्या आणि खालच्या ओळींना सारखं पाणी देणं मला पटत नाही. वाळूसर मातीत ते मुळांखाली निघून जातं. तिथे ठिबक थोडं थोडं, पण वारंवार चालवावं. माती परीक्षणाचे नमुनेही वेगवेगळे घ्यावेत.

ओळखायला सोपं आहे. मूठभर माती ओली करून तळहातावर वळा. वळी न होता गोळा फुटला तर वाळूसर, लांब वळी झाली तर चिकण. इथली वाळू बेसाल्टच्या भुग्याची, काळसर. चुंबक फिरवला की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण झुबक्यानं चिकटतात. चुनखडीवर लिंबू पिळलं तर फसफसतं.

गंगापूरला नदीच्या उभ्या काठात गोट्यांचा घट्ट थर, त्यावर वाळू, वर पिवळसर गाळ. पुराचा जोर कसा ओसरत गेला, ते खालून वर वाचता येतं. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांना याच भागात अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. तासलेला दगड दिसला तर फोटो काढा, पण जागेवरून हलवू नका. थरातून निघाला की त्याचा काळ सांगता येत नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काठ ढासळतात, एरवीही पोखरलेल्या कडेखाली उभं राहू नये. खुरपं, टेप, पाणी, लिंबू, चुंबक घ्या. द्राक्षबागेत शिरण्याआधी मळ्यातल्या दादांना विचारा. नुकती फवारणी झाली असेल तर बांधावरूनच पाहा.