अ‍ॅक्सोलॉटलला लागलंय? औषधाआधी पाणी बघा

आमच्याकडे दोन अ‍ॅक्सोलॉटल आहेत (पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर प्राणी). त्यातल्या मोठ्याने जेवणाच्या गडबडीत धाकट्याच्या पुढच्या पायाचं एक बोट तोडलं आणि एका बाजूचे गिल्स (डोक्याच्या बाजूचे श्वास घ्यायचे झुबके) पण कुरतडले. वाईट वाटतंच, पण खरं सांगू का, एवढ्याशा जखमेला औषध लागतच नाही, हा प्राणी आख्खा पाय परत उगवतो! त्याला हवं असतं थंड आणि स्वच्छ पाणी, बस्स.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याला वेगळं काढणं. साधा झाकणवाला प्लास्टिकचा टब घ्यायचा, ज्यात कधी साबण गेलेला नाही असा, तळाला खडे-वाळू काही नको, लपायला एखादा गुळगुळीत पाईप पुरतो. पाणी रोज पूर्ण बदलायचं कारण टबमध्ये फिल्टर नसतो आणि अमोनिया पटकन वाढतो, आणि तो अमोनियाच जखमेला जास्त त्रास देतो. नवीन पाण्यात डिक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकायचाच, आणि ते जुन्या पाण्याइतकंच थंड हवं. तापमान १६ ते १८ डिग्री सगळ्यात बरं, २४ च्या वर गेलं की यांचे हाल सुरू होतात. मी फ्रीजरमधली पाण्याची बंद बाटली टबला बाहेरून टेकवून ठेवते, बर्फ थेट पाण्यात टाकू नका.

माशांची औषधं मात्र लांबच ठेवा प्लीज. यांची कातडी सगळं शोषून घेते, आणि तांबं असलेली औषधं तर यांना विषच. मिठाच्या पाण्याचा सल्ला पण लगेच मिळतो, पण फंगस नसताना मीठ कशाला? जखमेवर कापसासारखं पांढरं काही दिसलं, आजूबाजूला लाली पसरली, रक्त थांबत नसेल किंवा त्याने खाणं सोडलं तर सरळ एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जायचं. गिल्स पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक मुडपलेलं दिसलं तर आधी पाणी टेस्ट करा, बहुतेक गडबड तिथेच सापडते.

धाकट्याच्या बोटाच्या जागी आता एक बारीक, जवळजवळ पारदर्शक फुगवटा आलाय, टॉर्च न लावता तिरक्या उजेडात नीट दिसतो. गिल्सचा लाल झुबका पण हळूहळू भरतोय. लहान वयात हे भराभर होतं, मोठ्यांना काही महिने लागू शकतात.

बोट पूर्ण येईपर्यंत दोघं वेगळेच राहणार. नंतर एकत्र आले तरी गांडुळं चिमट्याने टाकीच्या दोन टोकांना द्यायची, कारण यांना नीट दिसत नाही आणि तोंडासमोर जे हललं त्यावर झडप घालतात, मग ते गांडूळ असो की भावाचा पाय.