जंतू मेले, तरी बुबुळ विरघळत होतं

ऊसतोडीच्या हंगामात पाचटाने डोळा दुखावलेले लोक आमच्या ओपीडीत येतातच. हा बीडकडचा कोयता होता, नवरा-बायको दोघं. नवऱ्याने मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले होते. ठणका कमी झाला आणि मग डोळा पुवाने भरला. नमुन्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. तासातासाला थेंब सुरू केले, पू ओसरला आणि पुन्हा घेतलेल्या नमुन्यात काहीच वाढलं नाही.

तरीही त्या सकाळी स्लिट लॅम्पखाली बुबुळ आदल्या दिवसापेक्षा पातळ दिसलं. कॉर्निया, म्हणजे बुबुळाची पुढची काच, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यातला सुमारे ९० टक्के भाग कोलॅजन या प्रोटीनच्या धाग्यांनी विणलेला. तो जवळपास संपून आतला पारदर्शक पडदा फुगून वर आला होता. कधीही फुटला असता.

"सर, अँटिबायोटिक बदलू या?" आमच्या रेसिडेंटने विचारलं.

मारायला आता जंतूच उरला नव्हता. स्यूडोमोनास स्वतः प्रोटीन कापणारी एन्झाइम सोडतो हे खरं, पण त्याला मारायला धावलेल्या पांढऱ्या पेशीही एमएमपी-८ आणि एमएमपी-९ ही कोलॅजन कापणारी एन्झाइम ओततात, आणि जंतू संपला म्हणून ती लगेच थांबत नाहीत. या एमएमपी घराण्यातलं पहिलं एन्झाइम ग्रॉस आणि लापिएर या संशोधकांना १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या झडणाऱ्या शेपटीत सापडलं. पुढे या एन्झाइमची सगळी चर्चा कॅन्सरने पळवली. आम्हा डोळेवाल्यांना आणि हिरड्यावाल्यांना मात्र ती रोज भेटतात.

डॉक्सीसायक्लिन लिहून दिली. तीही अँटिबायोटिकच, पण इथे ती जंतूंसाठी नव्हती. या एन्झाइमना काम करायला जस्त लागतं आणि ही गोळी नेमकी तिथेच आडवी येते. हिरड्यांच्या आजारासाठी अमेरिकेत १९९८ साली तिचा २० मिलिग्रॅमचा डोस मंजूर झाला, तो जंतू मारायला पुरतच नाही. कॉर्नियासाठीचा पुरावा तितका भक्कम नाही, पण अशा वेळी मी ती देतोच.

बाईंनी चिठ्ठी हातात धरून विचारलं, "सायेब, जंतू मेलं म्हंता, मग ह्या गोळ्या कशाच्या?"

"ताई, फडात डुक्कर शिरलं, मारायला गावची पोरं घुसली. डुक्कर मेलं, पण पोरं अजून ऊस तुडवतायत. त्यांना बाहेर काढायचंय."

"मग काडा की लवकर."

दुपारी त्या जागी सायनोअॅक्रिलेटचा थेंब लावला, वर बँडेज लेन्स. फेव्हिक्विकच्याच जातकुळीतला हा गोंद भोक तर बुजवतोच, शिवाय पांढऱ्या पेशींची वाटही अडवतो. म्हणून मला तो टाक्यांपेक्षा शहाणा वाटतो.

बुबुळ तगलं. फूल मात्र पडलं, त्या डोळ्याने समोरची बोटं मोजण्यापुरतंच दिसतं. कॉर्निया बदलायच्या यादीत नाव घातलंय. उचल फिटलेली नसल्याने मुकादम त्याला फडावर बोलवत होता. त्याच्याशी फोनवर मीच बोललो. जरा चढ्या आवाजातच.